फोनवर राहून गेलेलं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी बाबांनी विचारलं, "नोकरी आवडते ना तुला? मग आवाज असा का?" मी "आवडते हो" म्हणून विषय बदलला. आई, तुला ते कळलंच असणार.

नोकरी खरंच आवडते. डळमळतो तो 'मला शिकवता येतं' हा भरवसा.

गणिताचे शिक्षक शाळेत चार. धडा मुलांच्या डोक्यावरून गेला तर मधल्या सुट्टीत एकमेकांना विचारतात. चित्रकलेची मी एकटीच. मातीकाम फसलं, तर माती जास्त ओली होती की माझं सांगणं चुकलं, हे विचारायचं कोणाला? अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडलं होतं की 'हे मला जमेल' ही भावना चार वाटांनी येते: स्वतःला एकदा जमलेलं असणं, आपल्यासारख्याच कोणाला जमताना पाहणं, कोणीतरी धीर देणं, आणि त्या घडीची शरीरमनाची अवस्था. प्रशिक्षणात हे पाठ करून पेपरात उतरवलं होतं. त्यातली दुसरी वाट माझ्यासाठी बंदच आहे, हे आता उमगतंय. दुसऱ्या कलाशिक्षकाचा तास मी शेवटचा पाहिला तो त्या प्रशिक्षणातच.

तिसरीही अरुंद. "फलक छान रंगवलात हं," म्हणणारे पुष्कळ, पण ते काही शिकवणं नव्हे. परवा मात्र मुख्याध्यापिका वर्गात मागे येऊन बसल्या. सातवीतला एक मुलगा दर वेळी कागद चुरगाळून फेकतो. त्या दिवशी त्याची पेन्सिल आणि खोडरबर काढून घेऊन मी शाई आणि काडी दिली होती. खोडायची सोयच नाही म्हटल्यावर तो चुकलेल्या रेघेतूनच पुढची रेघ काढत गेला. तास संपल्यावर मॅडमनी एवढंच विचारलं, "खोडरबर का काढून घेतलंत?" बाबा, पाच वर्षांत माझ्या शिकवण्याबद्दल मला कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न! घरी येऊन एकटीच हसत होते.

पगाराची काळजी नको. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये म्हटलंय की पगार, जागा, नियम धड नसले की माणूस कुरकुरतो. पण ते धड झाले म्हणून समाधान मिळतंच असं नाही, ते कामातून आणि कामाची दखल घेतली जाण्यातून येतं. त्यांनी प्रश्न विचारले अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना. वर्गात नळ नसलेली कलाशिक्षिका भेटली असती, तर जागेबद्दल चार शब्द जास्त लिहिले असते! परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला जातो, ते वेगळंच.

एक कबुलीही द्यायची आहे. दोन वर्षं मी स्वतःसाठी काही काढलंच नव्हतं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही घरी चित्रं काढता?" मी गप्प. आता रात्री अर्धा तास बसते. हात आखडलाय, पण दुसऱ्या दिवशी वर्गात आवाज जरा मोकळा निघतो.

दुसऱ्या शाळेतल्या कलाशिक्षिकेच्या तासाला बसायची परवानगी मागितली आहे. मिळाली की कळवते.

आई, माळ्यावरची माझी रंगांची पेटी काढून ठेवशील? ब्रश खराब झाले असतील तर टाकून दे. जलरंगाच्या वड्या मात्र राहू दे, वाळल्या तरी पाण्याने भिजतात.

तुमची,
धाकटी