स्ट्रॉबरोबर ब्रशही हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या ज्या प्लास्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यांत स्ट्रॉचाही समावेश होता. त्यानंतर स्टीलच्या, बांबूच्या आणि सिलिकॉनच्या स्ट्रॉ घरोघरी आल्या, याचा मला आनंदच आहे. परंतु पुष्कळ दुकानांत त्या ब्रशाशिवाय विकल्या जातात आणि आतून स्वच्छ कशा करायच्या हे पाकिटावर कुठेही लिहिलेले नसते, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या घरी स्ट्रॉ ही हौसेची वस्तू नाही. सासूबाईंना कंपवाताचा त्रास असल्यामुळे पेला तोंडापर्यंत नेईतो निम्मे पाणी अंगावर सांडते, म्हणून पाणी, ताक, दूध सारे त्या स्ट्रॉनेच पितात. त्यांच्यासाठी मी स्टीलच्या चार वाकड्या स्ट्रॉ आणल्या आणि इतर भांड्यांबरोबर बाहेरून घासून, नळाखाली धरून ठेवत गेले. काही आठवड्यांनी एकीला आंबूस वास आला, तेव्हा कापसाची काडी आत फिरवून पाहिली, तर तिच्यावर पिवळट, बुळबुळीत थर आला. आजारी माणसाला आपण रोज यातूनच दूध पाजत होतो, ही जाणीव फार त्रासदायक होती.

आता माझा नेम असा आहे की दूध किंवा लस्सी पिऊन झाली की स्ट्रॉ लगेच गार पाण्याने धुवायची, कारण आधीच कढत पाणी ओतले तर दुधातील प्रथिने आतल्या बाजूला घट्ट बसतात. मग साबणाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून, बारीक ब्रश एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढायचा आणि हेच उलट बाजूनेही करायचे. शेवटी स्ट्रॉ उजेडाकडे धरून आरपार पाहायची. वाकड्या स्ट्रॉच्या बाकात नजर पोहोचत नाही, म्हणून त्या मी वापरातून काढल्या. धुतलेली स्ट्रॉ पेल्यात उभी ठेवून पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात घालू नये, विशेषतः पावसाळ्यात. आणि ब्रशही धुऊन वाळवावा, हे सहसा विसरले जाते.

बांबूची स्ट्रॉ फार वेळ पाण्यात ठेवू नये, उन्हात वाळवावी, आणि तिला चीर गेली किंवा आत काळे ठिपके दिसले तर टाकूनच द्यावी. कागदी स्ट्रॉ धुण्याजोगी नसतेच. सासूबाईंसाठी आम्ही अखेर सिलिकॉनची निवडली. ती हवी तशी वळते, पाण्यात उकळता येते आणि हात थरथरला तरी हिरडीला इजा करत नाही. स्टीलची मात्र लागते, शिवाय गरम चहात तापून ओठाला चटका देते. (ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना स्ट्रॉ द्यावी की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.)

पुन्हा वापरायच्या स्ट्रॉच्या प्रत्येक पाकिटात ब्रश आणि मराठीतील चार ओळींची सूचना देणे उत्पादकांना मुळीच अवघड नाही. स्टीलच्या स्ट्रॉ देणाऱ्या उपाहारगृहांनीही त्या आतून ब्रशाने घासल्या जातात की नाही, हे गिऱ्हाइकाने विचारल्यावर मोकळेपणाने दाखवावे. आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत ही माहिती सचित्र छापावी, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे