व्याख्यानमालेला जागा हवी

महोदय,

आमच्या महिला मंडळाची वार्षिक व्याख्यानमाला नुकतीच पार पडली. वारसाहक्कावरच्या व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला कुणी उठेना, म्हणून कोऱ्या चिठ्ठ्या फिरवल्या. बघता बघता वकीलबाईंसमोर ढीग जमला! एकीत लिहिलं होतं, 'भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय, करू का?' हिंदू वारसा कायद्यातील 2005च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला; पण घरात हे कोण सांगतं? त्या संध्याकाळी सतरंजीवरून साडेनऊपर्यंत कुणी हललं नाही.

अशा कार्यक्रमासाठी सभागृहाचं भाडं मात्र यंदा दुप्पट झालं. सभासदांची वर्गणी त्यातच संपली, पुढच्या वर्षी पाचाची तीनच व्याख्यानं होतील, अशी भीती आहे.

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, रमाबाईंनी 1909 साली पुणे सेवासदनाची पायाभरणी केली. त्या परंपरेतल्या महाराष्ट्रात शाळांची सभागृहं संध्याकाळी कुलूपबंद का? महिला मंडळांना ती वर्षातून आठवडाभर तरी नाममात्र भाड्याने मिळावीत, ही कळकळीची विनंती.

– एक सभासद, सातारा