काट्यांना कचरा ठरवणाऱ्या शेऱ्याबद्दल : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

माशाच्या काट्यांपासून खाण्याजोगी कॅल्शियमची भुकटी करण्याचा आमच्या महिला बचत गटाचा प्रस्ताव गेल्या सोमवारी परत आला. शेरा एवढाच, की मासळीचा कचरा खतासाठी असतो, खाद्यपदार्थासाठी नव्हे. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या बंदरावरच्या सभेत आपण हाच प्रस्ताव मार्गी लावण्याचा शब्द दिला होता, आणि त्या शब्दावर विसंबून आम्ही चौदा जणींनी शेड भाड्याने घेतली.

ज्या राणी माशाचा गर काढून परदेशी पाठवतात, त्याचे निम्म्याहून अधिक वजन डोकी, काटे आणि कातडी होऊन मागे उरते. काट्यातले खनिज म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस, वजनाने साधारण दोनास एक; आपल्या हाडांतही तेच असते. काटे उकडून मांस सोडवायचे, चरबी काढायची, धुवून वाळवायचे आणि दाताखाली कचकच लागणार नाही इतके बारीक दळायचे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने हे काम पूर्वीच करून दाखवले आहे. मात्र मासा कापल्याबरोबर काटे बर्फात गेले पाहिजेत आणि प्रत्येक खेपेची शिसे, पारा यांसाठी तपासणी झाली पाहिजे. आम्ही मागितला तो एवढाच खर्च.

माझ्या आईने चाळीस वर्षे डोक्यावरून मासळी विकली. परवाच्या पावसात घराच्या पायरीवर पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. तिला औषध देऊन मी बंदरावर जाते, तेव्हा काट्यांनी भरलेल्या गाड्या मासळीची कुटी, म्हणजे पशुखाद्याची भुकटी, करणाऱ्या कारखान्याकडे निघालेल्या असतात, आणि ते दृश्य मला सहन होत नाही. मांदेली काट्यासकट खाणाऱ्या आम्हाला काटा खाद्य नाही, हे कागदावरून शिकवू नये.

२०२० मध्ये मत्स्यसंपदा योजनेसाठी २०,०५० कोटी रुपये जाहीर झाले, २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. पण मासा एका खात्याचा, अन्न दुसऱ्याचे आणि बचत गट तिसऱ्याचे, त्यामुळे आमची फाइल कोणाचीच नाही. बंदरावर निवडण्या-सोलण्याचे काम करणाऱ्या बाईच्या प्रस्तावाचा निर्णय करायला या राज्यात एकही टेबल नसावे, याचा मला संताप येतो.

प्रस्ताव पुन्हा उघडावा, अथवा कोणत्या नियमाने नाकारला तो नियम लेखी कळवावा. शेडचे भाडे १ तारखेला द्यायचे आहे.

आपली,
बचत गटाची एक सदस्य