जांभईचा प्राणवायूशी संबंध नाही

संपादक महोदय,

शरीराला प्राणवायू कमी पडला की जांभई येते, असे आरोग्यविषयक सदरांतून आणि वर्गांतूनही अजून बिनदिक्कत सांगितले जाते. हा समज १९८७ मध्येच तपासून झाला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एकदा निव्वळ प्राणवायू आणि एकदा ३ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू हुंगायला दिला. एरवी हवेत त्याचे प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या आसपास असते. कार्बन डायऑक्साइडने श्वासाची गती वाढली, जांभया वाढल्या नाहीत. शुद्ध प्राणवायूने त्या कमीही झाल्या नाहीत.

याचा पडताळा कुणालाही घेता येईल. जांभई येऊ लागली की दातांवर दात घट्ट दाबा, ओठ तेवढे उघडे ठेवा. फटींतून हवा आत जाते, तरी जांभई अर्धवट अडकून राहते. तिला हवा असतो तो जबड्याचा पुरता ताण. साधारण ६ सेकंदांच्या त्या ताणात कानाकडे जाणारी नळी उघडते, म्हणून कानात 'टक्' होते. अश्रुग्रंथी दाबली जाऊन डोळे पाणावतात. पोटातला गर्भसुद्धा जांभया देतो, आणि त्याच्या फुप्फुसांत तर हवाच नसते.

मेंदू थंड राखण्यासाठी जांभई येते, असे अमेरिकी संशोधक अँड्र्यू गॅलप यांनी २००७ मध्ये मांडले. कपाळावर गार पट्टी ठेवलेल्यांना दुसऱ्याचे पाहून येणाऱ्या जांभया कमी आल्या, हा त्यांचा पुरावा. कल्पना चांगली आहे, पण सर्वमान्य नाही. जांभया सर्वाधिक येतात त्या झोपण्याआधी आणि उठल्यावर, याबद्दल मात्र दुमत नाही.

हे आग्रहाने लिहिण्याचे कारण असे, की जुना समज घातक ठरतो. गाडी चालवताना लागोपाठ जांभया आल्या की चालक 'मोकळी हवा' म्हणून काच खाली करतो आणि पुढे जात राहतो. जांभई झोपेची सूचना देत असते. काच उघडून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून १५-२० मिनिटे डोळे मिटणे हाच उपाय. चहा-कॉफी घ्यायची तर या डुलकीआधी, कारण चहा-कॉफीचा परिणाम जाणवायला जवळपास अर्धा तास लागतो.

पुरेशी झोप होऊनही दिवसभर जांभया येत असतील, तर झोपेत घोरताना श्वास अडखळतो का, हे घरच्यांना विचारावे. अर्धशिशीचा झटका येण्याआधीही त्या वाढतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही जांभया येतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.