सीपीयूच्या खोक्यातलं पत्र

भांडुप,
गुरुवार, रात्री

चि. सोनूस अनेक आशीर्वाद,

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण कॉम्प्युटरचं काही सांगायला लागलो की तिसऱ्या मिनिटाला तुझं "हो बाबा, कळलं बाबा" सुरू होतं आणि मी ओळखतो की काही कळलेलं नाही. तुझी आई म्हणाली, लिहून द्या. उद्या टेम्पोतून कॉम्प्युटर येईल, त्याच्या खोक्यात थर्मोकोलवर हा लिफाफा सापडेल. वायरी जोडायच्या आधी वाच. जावईबापूंना घाई असते, त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊ नकोस.

कॅबिनेट, म्हणजे सीपीयूचा डबा, जमिनीवर ठेवायचं नाही. टेबलाखाली तर नाहीच. सोबत लाकडी स्टूल पाठवतोय, त्यावर ठेव. तू म्हणशील, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, बाबांचं आपलं काहीतरीच. पाणी काय फक्त नदीचंच येतं? वॉशिंग मशीनचा पाइप सुटला तरी लादीवर दोन बोटं पाणी होतं.

कुर्ल्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत तू दहा वर्षांची होतीस. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आपल्याला नंतर पेपरात कळला. मी कांदेवाडीतल्या दुकानातून दुपारी निघालो आणि निम्मा रस्ता चालत दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. तुझ्या आईने तुला, गव्हाचा डबा, गाद्या आणि तुझं दप्तर वरच्या मजल्यावर हलवलं होतं. मॉनिटर टेबलावर होता, तो कोरडा ठणठणीत. सगळी चाळ म्हणत होती, "नशीब, कॉम्प्युटर वाचला!" मीही तेच म्हणालो. डीटीपीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवण्यावर पोट असलेला माणूस मी, मला तरी कळायला हवं होतं की वाचला तो नुसता काचेचा डबा. खरा कॉम्प्युटर खाली मिठी नदीच्या पाण्यात बसला होता.

आणि मग मी दुसरा गाढवपणा केला. सीपीयू उघडून चार दिवस पंख्याखाली वाळवला आणि बटण दाबलं. आतून टक-टक-टक असा आवाज आला आणि सगळं शांत. डेटा काढून देणाऱ्या एका माणसाकडे डिस्क नेली तेव्हा तो म्हणाला, "काका, भिजलेल्या डिस्कला वीज द्यायची नसते. तशीच आणली असतीत तर काहीतरी निघालं असतं." आत आरशासारख्या चकत्या असतात, त्यांच्यावरून केसाहूनही कमी अंतरावर वाचणारं डोकं फिरतं. मध्ये चिखलाचा कण आला की चकतीच खरवडते. घरबसल्या जादा कामाच्या म्हणून केलेल्या पत्रिकांच्या सगळ्या फाइली गेल्या, त्यांचं मला फारसं वाटलं नाही. मनीष मार्केटमधून घेतलेल्या त्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचे दोन वर्षांचे फोटो गेले. आत्याने हट्ट करून एका सीडीत भरून नाशिकला नेले होते तेवढे एकोणीस राहिले. तुझ्या शोकेसमध्ये तो गॅदरिंगचा नऊवारीतला फोटो आहे ना, तो त्या एकोणिसातला. त्यात माझं शहाणपण काहीही नाही, आत्याचा हट्ट आहे.

म्हणून तुझ्यासाठी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्यात. काळी तुझी, निळी माझ्याकडे राहील. कॉम्प्युटरमध्ये 'घर' नावाचा एकच फोल्डर केलाय. पोराच्या जन्मदाखल्यापासून तुझ्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिकांपर्यंत सगळं त्यातच टाकायचं, डेस्कटॉपवर पसारा मांडायचा नाही. महिन्यातून एकदा डिस्क जोड, 'घर' तिच्यावर उतरव, 'इजेक्ट' म्हण, मग काढ आणि कपाटात ठेव. जोडून ठेवू नकोस. फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारे व्हायरस असतात, ते जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतात. इकडे येशील तेव्हा डिस्कची अदलाबदल करायची, म्हणजे एक प्रत बदलापुरात आणि एक भांडुपात. तुमच्याकडे उल्हास नदी आहे, २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली ती काही फार लांब नव्हे. दोन्ही प्रती एकाच गावात नकोत.

"गूगलवर आहे ना सगळं," असं तू म्हणणार. आहे. पण फुकटची जागा १५ जीबी, त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचा संसार. शिवाय मोबाइलवरून पोराने एखादा फोटो पुसला की तो तिकडूनही जातो. कचरापेटीत काही दिवस राहतो, मग कायमचा. ते आरशासारखं आहे, इकडे जे होतं तेच तिकडे दिसतं. आरशाला कोणी प्रत म्हणत नाही.

फाइलीच्या नावात तारीख घालत जा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. सगळ्या आपोआप ओळीने लागतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरं फायनल' असली नावं ठेवायची नाहीत. मी एकदा 'फायनल' छापायला दिली आणि मुहूर्त बदललेला होता 'फायनल २' मध्ये. तीनशे पत्रिका रद्दीत गेल्या, पगारातून पैसे कापले गेले आणि वधूपिता दुकानात येऊन जे बोलले ते तुला लिहून कळवण्यासारखं नाही.

आता मशीनबद्दल. आहे तेच, तुझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी घेतलेलं. लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने "काका, भंगारात द्या, नवीन घ्या" असं सांगून पाहिलं. मी एक एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी डिस्क, आणि एक रॅमची, म्हणजे मेमरीची पट्टी घेतली आणि निघालो. जुन्या डिस्कवर बटण दाबून चहा ठेवला की चहा आधी व्हायचा. आता आधण यायच्या आत स्क्रीन तयार असते. जुना कॉम्प्युटर 'स्लो' झाला म्हणजे बहुतेक वेळा त्याची फिरणारी डिस्क म्हातारी झालेली असते, बाकीचं मशीन धडधाकट असतं. मोहल्ल्यात कोणी फेकून देत असेल तर त्यालाही सांग.

विंडोज मात्र काढलं. विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तो यात नाही. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम घातलीय. दचकू नकोस. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, फायरफॉक्स आहे, वर्ड-एक्सेलच्या जागी लिबर ऑफिस आहे, सगळं फुकट आणि रीतसर. विंडोजसाठीच बनवलेली काही सॉफ्टवेअर यावर चालणार नाहीत, त्यासाठी जावईबापूंचा लॅपटॉप आहेच. कोणाला फाइल पाठवताना पीडीएफ करून पाठव, म्हणजे समोरच्याकडे ओळी सरकत नाहीत.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट की-बोर्ड लावून दिलाय. रोमनमध्ये लिहून मराठी करायची सवय सोड असं मी म्हणत नाही, पण आठवडाभर इनस्क्रिप्टवर बस. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजनं. क आणि ख एकाच बटणावर, ख शिफ्ट दाबून. तर्कशुद्ध आहे, टाइपरायटरसारखं पाठ करावं लागत नाही. तुझ्या मागच्या प्रश्नपत्रिकेत 'दुसर्या' असं छापलं होतंस, माझा जीव कासावीस झाला. ज्या बटणावर र आहे तेच शिफ्ट धरून दाब, नुक्ता असलेला ऱ येईल. मग हलंत, मग य, मग काना. 'दुसऱ्या'. चौथीच्या मुलांना शिकवतेस, रफार आणि चंद्रकोरीसारखा र यांतला फरक तुझ्या कागदावर दिसायला हवा.

अक्षरांवरून आठवलं, माझ्या जुन्या फाइली उघडून घाबरू नकोस. 'जुनं काम' फोल्डरमध्ये 'ÉÊ' सारखी चिन्हं दिसतील. तो व्हायरस नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच आकडा, सर्रास झालं नव्हतं तेव्हा प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा, क कुठल्या आकड्यावर बसवायचा ते ज्याचं त्याने ठरवलेलं. तो फॉन्ट नसला की मराठीचं असं कडबोळं होतं. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं तपासावी लागतात. नात्यातल्या पत्रिका मी बदलून ठेवल्यात, बाकी राहू देत.

पावसाळ्यात एखाद्या दिवशी बटण दाबल्यावर नुसते बीप वाजतील आणि स्क्रीन काळीच राहील. मेकॅनिकला फोन करू नकोस. आपल्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दात मळतात. प्लग भिंतीतून काढ, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालव, दोन्ही कडांच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढ. पोराचा पांढरा खोडरबर घे आणि सोनेरी दात हलक्या हाताने पूस. चुरा झटक, दातांना बोट लावू नकोस, खाच जुळवून परत बसव, खिटी टक्‌ वाजली पाहिजे. लॅमिंग्टन रोडवरचे लोक याच कामाचे व्हिजिट चार्ज घेतात.

कॅबिनेटला हात लावून झिणझिण्या आल्या तर मात्र खोडरबर नाही, वायरमन. म्हणजे सॉकेटला अर्थिंग नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जुगाडात कधीच घालायचा नाही.

यूपीएस पाठवतोय, बॅटरी नवी टाकलीय. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज गेली होती, आठवतं? आपला यूपीएस कोपऱ्यात होता, दिवाही लागायचा, आणि वीज जाताच एकदा चीं करून तोही गेला. बॅटरी चार वर्षांची होती आणि ती दोन-तीन वर्षांनी बदलायची असते हे मी लोकांना सांगत फिरायचो. यूपीएस काम करण्यासाठी नसतो, सेव्ह करून बंद करण्यासाठी असतो. प्रिंटर त्याला जोडू नकोस.

बटणांचं थोडक्यात सांगतो. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत येतो. जावईबापूंच्या लॅपटॉपवर विंडोज-व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते. पहिल्यांदा तिथेच 'चालू करा' असं विचारतो, हो म्हण. बाकीची पोरगा तुला शिकवेल.

एक गोष्ट मात्र त्याला नाही, तुलाच शिकायचीय. ब्राउझरमध्ये अचानक लाल पडदा येईल, भोंगा वाजेल, "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला, या नंबरवर फोन करा." लॉक वगैरे काही झालेलं नसतं, ती नुसती जाहिरातीसारखी पानं असतात. ऑल्ट-एफ४ दाब, नाही ऐकलं तर सरळ मशीन बंद कर. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी फोन केला, पलीकडच्याने गोड बोलून एक अ‍ॅप टाकायला लावलं, त्यांची स्क्रीन तो तिकडून पाहत राहिला आणि काकांनी त्याच्यासमोर बँक उघडली. चांगले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मूर्ख नव्हेत. भोंग्याने माणूस गांगरतो. लाजेखातर दोन दिवस कोणाला बोलले नाहीत, तेवढ्यात पैसे पुढे निघून गेले. कधी तुझ्या बाबतीत असं घडलं तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, मग मला. रडायचं असेल तर त्यानंतर. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशात कोणी 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला तर फोन ठेवून दे, कायद्यात असली अटकच नाही.

पासवर्डची वही खोक्यात नाही. लोक म्हणतात कागदावर लिहू नये. मी म्हणतो सगळीकडे तुझ्या वाढदिवसाचा एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा कपाटातली वही शंभर पटीने बरी. चोर कपाटात हात घालेल तेव्हा तो तुझा मेल वाचायला आलेला नसेल. मेलचा पासवर्ड मात्र सगळ्यांत लांब ठेव, एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमनमध्ये जोडून, आणि टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, चालू कर. बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या त्या मेलमध्येच येतात.

तुझी आई आत येऊन दोनदा दिवा बंद करून गेलीय. स्टूलचा एक पाय किंचित आखूड आहे, खाली पुठ्ठा चिकटवलाय, तो काढू नकोस. की-बोर्डच्या पिशवीत लसणाची चटणी आहे, ती आधी बाहेर काढ.

काळी डिस्क टेम्पोत दिलेली नाही. रविवारी ठाण्याला गाडी बदलून बदलापूर लोकल पकडेन, तेव्हा स्वतः घेऊन येईन.

तुझा
बाबा