केसपेपरवरचा ‘धर्म’ हा रकाना

महोदय,

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात मी ३१ वर्षं नर्स होते. दर ऑक्टोबरात दुसऱ्या शनिवारी उपशामक सेवेचा, म्हणजे गंभीर आजारी माणसाचा त्रास हलका करणाऱ्या सेवेचा दिवस येतो आणि त्या दिवशीच्या भाषणांत ‘आध्यात्मिक आधार’ हमखास असतो. आमच्या वॉर्डात हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. रात्रपाळीला काम मात्र तेच पडायचं.

लालबागचे एक आजोबा होते, गिरणीत आयुष्य गेलेले. तोंडाचा कॅन्सर, बोलणं बंद. भरती करतानाच गळ्यातली तुळशीची माळ कापून नातेवाइकांच्या हातात दिलेली. नियमच तसा, अंगावर काही ठेवायचं नाही. रात्री त्यांचा हात सारखा गळ्याशी जायचा. नाकातली नळी ओढतायत असं वाटून आम्ही हात कॉटला बांधले. हो, बांधले. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, “सिस्टर, ते माळ शोधतात हो.” माळ घरून आणवली आणि गॉजच्या पट्टीने मनगटाला बांधली. हात पुन्हा गळ्याशी गेला नाही.

दुसऱ्या एका आजींना शेवटी किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला तोंड हवं होतं. ऑक्सिजनची नळी आखूड, कॉट वळेना. मग पाठीला उशा लावून त्यांनाच पश्चिमेच्या खिडकीकडे वळवलं.

अर्थात, कळवळणाऱ्या माणसाच्या कानाशी हरिपाठ लावणं ही थट्टाच. आधी वेदना शमवणारं मॉर्फिन. युगांडासारख्या गरीब देशाने २००४ मध्ये प्रशिक्षित नर्सना ते लिहून द्यायचा अधिकार दिला. आपल्याकडे २०१४ मध्ये मॉर्फिनभोवतीची कायद्याची गाठ थोडी सैल झाली, पण रात्री तीनला निवासी डॉक्टर येईपर्यंत आम्ही नुसता हात धरून बसायचो. तेही चाळीस खाटांना दोघी असताना. शरीराच्या, मनाच्या, श्रद्धेच्या दुखण्याला मिळून एकच ‘समग्र वेदना’ म्हणणाऱ्या, या सेवेचा पाया घालणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स आधी नर्सच होत्या, हे आम्हाला शिकताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं सेवागृह, १९८६ पासून हे काम करतंय, पण सगळ्या मुंबईला तिथे खाट कुठून मिळणार? कितीतरी माणसं जनरल वॉर्डातच शेवटचा श्वास घेतात.

केसपेपरवर ‘धर्म’ हा रकाना आम्ही इमानेइतबारे भरायचो. तो उघडून बघायची वेळ यायची ती माणूस गेल्यावर, बॉडी देताना. माझी मागणी छोटी आहे. त्याच रकान्याखाली एक ओळ वाढवा : ‘जवळ काय हवं?’ आणि कात्री लावण्याआधी ते विचारा. पैसे लागत नाहीत.

आजोबांच्या कागदावर ‘माळ काढू नये’ असं मी पेनने समासात लिहिलं होतं. सकाळी इनचार्ज सिस्टरांनी झापलं, कागद खराब केला म्हणून.

– एक निवृत्त परिचारिका, परळ, मुंबई