काचेत चित्र दिसावे, चष्मा नव्हे

महोदय,

इंदूरच्या एका कलादालनात सध्या चित्रांचे आणि छायाचित्रांचे प्रदर्शन शेजारशेजारच्या खोल्यांत भरले आहे. जलरंगांतील नर्मदेच्या घाटात पाण्याची चमक दाखवण्यासाठी कागद कोराच सोडण्याचे चित्रकाराचे धाडस मनात भरले. छायाचित्रांपाशी मात्र हिरमोड झाला. छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड चौकटींच्या काचांवर असा पडतो, की राजवाड्याच्या कृष्णधवल छायाचित्रात मला राजवाड्यापेक्षा माझा चष्माच अधिक स्पष्ट दिसला. दिव्यांचा झोत उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशांत भिंतीकडे वळवला, तर हे प्रतिबिंब बरेचसे टळते आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

ज्या गावात देवळालीकर मास्तरांनी 1927 मध्ये चित्रकलेची शाळा सुरू केली आणि जिथे ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार शिकले, तिथे चित्राखाली माध्यम आणि वर्ष लिहिण्याचाही आळस व्हावा, हे खटकते. शिवाय सातच्या ठोक्याला दालन बंद होते. नोकरदारांनी जावे तरी केव्हा? उरलेल्या दिवसांत निदान शनिवार-रविवारी ते रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे, ही विनंती.

— एक कलारसिक, इंदूर